झाकली मूठ

करंगळी हे बोट मराठी माणसाने कधी फारसं मनावर घेतलेलं नाही. शाळेत तिचं काम ठरलेलं: वर्गात वर केली की बाई काय ते समजायच्या आणि ‘लवकर ये’ म्हणायच्या. मधल्या सुट्टीत भांडण झालं की कट्टी घ्यायला तीच पुढे. मोठेपणी कानात खाज सुटली तर तिची आठवण. अंगठ्याला निदान आधार कार्डापासून सात-बारापर्यंत मान आहे. तर्जनीशिवाय दुसऱ्याच्या चुका दाखवता येत नाहीत. मधल्या बोटाचं इंग्रजी सिनेमांनी भलं केलं. अनामिकेला अंगठी आहे, देवाला गंध लावायचा मान आहे. करंगळीच्या नावावर आजवर एकच मोठं काम जमा आहे, ते गोवर्धन उचलण्याचं. आणि तिथेही गोपाळांनी आपापल्या काठ्या खालून लावून ठेवल्याच होत्या. करंगळीच्या भरवशावर कोण राहणार?

जपानी तलवार राहते.

हे ज्ञान मला तोक्योच्या पूर्वेला, आमच्या वॉर्डाच्या व्यायामशाळेत झालं. जपानात चाळिशी उलटली की कंपनीच्या वार्षिक तपासणीत पोटाला टेप लावतात. 2008 पासून हे सरकारी नियमाने चालतं आणि पुरुषांसाठी मर्यादा आहे 85 सेंटिमीटर. ती आखणाऱ्याने उकडीचा मोदक पाहिलेला नसावा. डॉक्टरांनी टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टेपकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे व्यायाम सुचवला. योगासनं शिकायला भारतीय माणसाने जपानी बाईंना फी मोजायची हे मनाला पटेना. उरला केन्दो, म्हणजे जपानी तलवारबाजी. कॉलेजात असताना कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ पाहिला होता. त्यातला तो अबोल तलवारबाज, एकच वार, समोरचा आडवा. मी म्हटलं, हे जमेल. अबोल राहणं तर लग्नानंतर आपोआप आलेलंच आहे.

व्यायामशाळेच्या अर्ध्या भागात बॅडमिंटन चालतं, अर्ध्या भागात आम्ही. मध्ये हिरवी जाळी. जाळीच्या पलीकडून ‘सॉरी, सॉरी’ ऐकू येतं, अलीकडून जीव खाऊन मारलेल्या आरोळ्या. पलीकडच्या बायकांना आता त्याची सवय झाली आहे. अलीकडे कुणी कितीही भेसूर ओरडला तरी त्यांची सर्व्हिस चुकत नाही.

हातात तलवार वगैरे कुणी देत नाही. देतात ती शिनाई: बांबूच्या चार पट्ट्या, वर चामड्याची टोपी, खाली चामड्याची मूठ. मोठ्या माणसांची शिनाई जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर लांब आणि पुरुषांसाठी किमान 510 ग्रॅम वजनाची असावी असा नियम आहे. अर्धा किलो! मला हसूच आलं. पहिल्या संध्याकाळनंतर मला जेवताना चॉपस्टिक धरता येईनात आणि बायकोने न बोलता चमचा पुढे सरकवला.

सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या हातात शिनाई दिली, समोर उभे राहिले, माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. आता युद्धशास्त्राचं पहिलं सूत्र येणार म्हणून मी कान टवकारले. त्यांनी पुढे येऊन माझ्या डाव्या हाताची करंगळी दोन बोटांत पकडली, अर्धा सेंटिमीटर खाली सरकवली आणि वाकून निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या करंगळीला जेवढ्या मान्यवरांचे हात लागले आहेत, तेवढे माझ्या बारशाला मलाही लागले नसतील.

प्रकार असा आहे. डावा हात मुठीच्या अगदी शेवटच्या टोकाला. उजवा वर, तलवारीच्या चकतीच्या जरासा खाली. दोन्ही हात बाजूने नाही, वरून येतात, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या पाठीशी एका रेषेत बसते. करंगळी आणि अनामिका घट्ट, मधलं बोट मध्यम, तर्जनी आणि अंगठा नुसते टेकलेले. हाताची पाचही बोटं सारखी नसतात, असं आपण एक हुशार आणि एक मठ्ठ मुलगा असलेल्या आईबापांची समजूत घालायला म्हणतो. इथे ते अभ्यासक्रमात आहे. या सगळ्या मामल्याला म्हणतात तेनोउची. केन्दोतला माणूस हा शब्द उच्चारताना आवाज किंचित खाली आणतो, आपल्याकडे ‘घराणं’ म्हणताना आणतात तसा.

आता घट्ट म्हणजे किती घट्ट? इथून खरी गंमत सुरू होते, कारण हे कुणालाच सरळ सांगता येत नाही. एक सेन्सेई म्हणतात, हातात कच्चं अंडं आहे असं समजा. दुसरे म्हणतात, चिमणीचं पिल्लू आहे. दाबलंत तर मरेल, सोडलंत तर उडेल. तिसरे छत्रीवाले: पावसात चालताना आपण छत्री जशी बेताने धरतो, तशी. चौथ्यांचा चहाच्या समारंभाशी संबंध असावा. ते म्हणतात, चहाचं भांडं पुसायचं ओलं फडकं दोन्ही हातांनी आतल्या बाजूला हलकेच पिळावं, तसं. चौघेही तालेवार, चौघांचंही खरं. मी सगळं मनोभावे एकत्र केलं: अंडं फुटणार नाही अशा बेताने फडकं पिळायचं, पिळताना चेहऱ्यावर छत्री धरल्याचा भाव ठेवायचा आणि पिल्लाकडे लक्ष असू द्यायचं. एवढ्यात समोरचा येऊन डोक्यावर मारून जातो.

आणि हे सगळं एका क्षणापुरतं. शिनाई वर जाताना हात सैल, खाली येताना सैल, लागण्याच्या त्या निमिषात दोन्ही मुठी आवळायच्या आणि लगेच पुन्हा सैल. आवळलेलं जमलं तर शिरस्त्राणावर ‘पाक्’ असा कोरडा, स्वच्छ आवाज येतो. नाही जमलं तर ‘धप्प’. माझा ‘धप्प’ ऐकून मात्र पलीकडच्या बॅडमिंटनचीसुद्धा सर्व्हिस चुकते.

इथे एक गोष्ट या लोकांबद्दल सांगितलीच पाहिजे. हा ‘धप्प’ सेन्सेई स्वतःच्या डोक्यावर घेतात. केन्दोत शिकवण्याची हीच रीत आहे: वडीलधारा माणूस चिलखत घालून समोर उभा राहतो, आपली तलवार बाजूला घेतो आणि म्हणतो, या, मारा. आपण मारतो. त्यातले काही वार डोक्याला लागतात, काही खांद्याला, एखादा दंडाला, जिथे चिलखत नसतं. ते ‘हं’ म्हणतात आणि पुन्हा डोकं पुढे करतात. विद्यार्थ्याला आपलं डोकं वापरायला देणारे शिक्षक मी पहिल्यांदाच पाहिले. आमच्या शाळेत उलटी पद्धत होती.

डोकं तरी वाचतं ते अठराव्या शतकातल्या सुधारणेमुळे. त्याआधी बरीच मंडळी लाकडी तलवारीने किंवा खऱ्या पात्याने ठरलेले पवित्रे घोटत. सोळाव्या शतकात कामीइझुमी नोबुत्सुना या थोर उस्तादाने चिरलेल्या बांबूवर चामड्याची पिशवी चढवली आणि शिष्यांची हाडं वाचवली. पुढे 1710 च्या दशकात नागानुमा शिरोझाएमोन याने चिलखत आणि बांबूची तलवार वापरून मोकळेपणाने मारामारी करायची पद्धत रुजवली. पकड चुकली आहे हे मोडलेल्या मनगटावरून कळण्याऐवजी आवाजावरून कळू लागलं. मी या दोघांचा कायमचा ऋणी आहे आणि माझे सेन्सेई माझ्याहून जास्त.

सगळ्यात मोठं भांडण मात्र उजव्या हाताशी. आपल्या भाषेने या दोन हातांच्या जागा कधीच ठरवून टाकल्या आहेत. उजवा हात म्हणजे साहेबांचा विश्वासू माणूस. आणि जे काम काहीच नाही ते डाव्या हातचा मळ. प्रसाद उजव्यात घ्यायचा, दान उजव्याने द्यायचं, जेवायचं उजव्याने. डाव्याच्या वाट्याला काय आलं ते सांगायला नको. केन्दोत डावा हात मालक आहे. उचलायचं त्याने, मारायचं त्याने, शरीराच्या मध्यरेषेवर ठाण मांडून बसायचं त्याने. उजव्याने फक्त दिशा दाखवायची. आता चाळीस वर्षं सगळी सत्ता भोगलेल्या माणसाला तुम्ही सल्लागार मंडळात बसवलंत तर तो गप्प बसेल का? उजवा हात प्रत्येक वाराला मध्ये घुसतो. ‘मी करतो, मी करतो’ म्हणत शिनाई ओढतो आणि ती उजवीकडे फाकते. सेन्सेई लांबूनच ओरडतात, ‘उजवा हात!’ हे दोन शब्द मी जपानीत इतक्यांदा ऐकले आहेत की आता भाषेच्या परीक्षेत आले तर पैकीच्या पैकी.

ओरडणारे सेन्सेई परवडतात. आमच्याकडे चौथीतली एक मुलगी आहे. ती पाच वर्षांची असल्यापासून येते, म्हणजे नात्याने माझी ज्येष्ठ. माझ्या शेजारी उभी राहून मोठ्याने आकडे मोजत शिनाई फिरवते आणि मध्येच, नजर समोरच ठेवून, खालच्या आवाजात म्हणते, ‘काका, डावा.’ मी डावा सावरतो. पुढच्या फेरीत पुन्हा, ‘काका, खांदे.’ मग ब्रेकमध्ये बर्फाच्या बाटलीतला बार्लीचा चहा पिताना ती मला धीर देते: तिलाही बालवाडीत असताना हाच त्रास होता.

या पकडीचं वेड नवं नाही. मियामोतो मुसाशी हा जपानी तलवारबाजीतला सगळ्यात गाजलेला माणूस. साठाहून जास्त लढती आणि एकही हार नाही, असा हिशेब त्याने स्वतःच देऊन ठेवला आहे. म्हातारपणी, 1643 साली, कुमामोतोजवळच्या रेइगानदो नावाच्या गुहेत बसून त्याने ‘गोरिन नो शो’ लिहायला घेतलं आणि 1645 साली तो वारला. मी ते पुस्तक मोठ्या अपेक्षेने उघडलं. साठ माणसांना पुरून उरलेला गृहस्थ, गुहा, मृत्यू जवळ आलेला. आता काहीतरी गूढ हाती लागणार. पाण्याच्या प्रकरणात मुसाशी सांगतो काय, तर अंगठा आणि तर्जनी तरंगती ठेवा, मधलं बोट ना घट्ट ना सैल, शेवटची दोन घट्ट. वर बजावतो की हात एका जागी जखडला की तो मेलाच समजा. म्हणजे निवृत्त बँकवाले आणि गुहेतला मुसाशी यांचं शब्दशः एकमत. फरक इतकाच की मुसाशी दोन्ही हातांत एकेक तलवार घेऊन लढायचा, म्हणजे त्याच्या दोन्ही करंगळ्या पूर्णवेळ नोकरीत.

त्याच मुसाशीने एका बेटावर सासाकी कोजिरो या तलवारबाजाला मारलं ते होडीचं वल्हं तासून केलेल्या लाकडी तलवारीने, अशी गोष्ट सांगतात. वल्ह्याला कसली आलीय मूठ आणि कसली बेचकी! हा मुद्दा मी विजयी मुद्रेने सेन्सेईंपुढे मांडला. ते म्हणाले, ‘तुम्ही मुसाशी झालात की वल्हं आणा.’

करंगळीची किंमत गुन्हेगारांनासुद्धा ठाऊक आहे. याकुझा टोळ्यांमध्ये चूक झाली की माफी म्हणून डाव्या करंगळीचं पेर छाटून वरिष्ठापुढे ठेवायची चाल होती. तेच बोट का? तर तलवारीवरची पकड ढिली व्हावी आणि माणूस टोळीच्या आसऱ्यालाच राहावा, असं कारण देतात. इकडे शाळेतली जपानी पोरं करंगळीत करंगळी अडकवून वचन देतात आणि मोडणाऱ्याने हजार सुया गिळायच्या असंही हसत हसत ठरवून टाकतात. एकूण या देशात त्या बोटाशी कुणी थट्टा करत नाही. मी एकदा सरावाच्या मध्यात, शाळेतल्या जुन्या सवयीने, करंगळी वर करून सेन्सेईंकडे पाहिलं. जपानात नुसती करंगळी वर करणं म्हणजे ‘बाई’, तीही बहुधा बायको सोडून दुसरी, अशी जुन्या माणसांची खूण आहे. सेन्सेईंनी माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं आणि मला लवकर घरी सोडलं.

दर काही आठवड्यांनी हात तपासले जातात. आपण तळवे पुढे करायचे, ते पाहतात. हात दाखवून अवलक्षण ही म्हण आपल्याकडे कुणी केली माहीत नाही, पण त्याने केन्दो पाहिला असता तर त्याला उदाहरणं शोधत फिरावं लागलं नसतं. डाव्या तळव्यावर, करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी घट्टे असले तर सेन्सेई ‘हं’ म्हणतात. उजव्या हातावर, अंगठ्याच्या बेचकीत फोड आला तर काही न बोलता मान हलवतात, आणि ते जास्त लागतं. तळवा लपवला तरी हातमोजा बोलतो. या मोज्याची, म्हणजे कोतेची, आतली बाजू पातळ, मऊ कातड्याची असते आणि ती झिजून भोकं पडतात. भोक डाव्या मोज्यावर खालच्या कडेला असेल तर माणूस वाटेवर आहे. आमच्याकडच्या एका आजोबांच्या डाव्या मोज्याला तिथे ठिगळावर ठिगळ आहे, तीन वेगवेगळ्या रंगांचं, आणि उजवा मोजा नुकताच दुकानातून आणल्यासारखा कोरा. ब्रेकमध्ये ते हा जोड सगळ्यांना दिसेल असा पालथा न ठेवता उताणा ठेवतात. नम्र माणूस आहे, पण इतकाही नाही.

माझे मोजे मी पिशवीतच ठेवतो.

रविवारी त्याच जागी इआइदोवाले येतात. त्यांचं जग वेगळं. बॅडमिंटन नाही, आरोळ्या नाहीत, चिलखत नाही आणि मुख्य म्हणजे समोर कुणी नाही. गुडघ्यावर बसायचं, न दिसणाऱ्या शत्रूचा हेतू ओळखायचा, म्यानातून तलवार काढता काढताच पहिला वार करायचा, दुसऱ्याने संपवायचं, पात्यावरचं नसलेलं रक्त झटकायचं आणि तलवार पुन्हा म्यानात. केन्दो महासंघाने ठरवलेले असे 12 प्रकार आहेत. 1969 साली 7 होते, पुढे 3 आणि 2 अशी भर पडली. नवशिक्याला बिनधारेची, मिश्रधातूची तलवार मिळते. दिसायला अगदी खरी. ती कमरेला लावून मी आरशासमोर उभा राहिलो आणि काही काळ पोटाच्या घेराचाही विसर पडला.

इथे मूठ कशी बांधलेली असते ते जवळून पाहायला मिळालं. आत मॅग्नोलियाचं हलकं लाकूड, त्यावर रे माशाचं खरखरीत कातडं, त्यावर दोरीची विणलेली चौकटीचौकटीची वीण, जिच्या फटींतून ते पांढरं कातडं डोकावतं. बोटं घसरत नाहीत ती या दोरीच्या गाठींमुळे. आणि ही सगळी इमारत पात्याला धरून असते एका बांबूच्या खुंटीवर. मेकुगी. बोटाच्या पेराएवढी. मुठीत आरपार एक भोक, त्यात ही काडी. काढली की पातं आणि मूठ वेगळी. सरावाआधी ती अंगठ्याने दाबून पाहायची, ढिली असेल तर ठोकायची. शोगुन आले आणि गेले, घराणी बुडाली, पोलादावर पोथ्या लिहिल्या गेल्या, आणि पातं उडून शेजाऱ्याच्या अंगावर का जात नाही, तर बांबूची काडी. ती तपासायला सांगताना मात्र कुणी आवाज खाली आणत नाही. सिलेंडर बंद केला का, इतक्याच कोरडेपणाने विचारतात.

तलवार काढण्यापेक्षा परत ठेवणं अवघड आहे, हे इआइदोत गेल्यावर कळतं. डाव्या हाताने म्यानाचं तोंड झाकायचं, अंगठा आणि तर्जनीची चिमूट करून त्याचा दरवाजा बनवायचा. उजव्या हाताने पात्याची बोथट पाठ त्या चिमटीवरून सरकवत न्यायची, टोक आलं की अलगद आत पाडायचं आणि सावकाश ढकलायचं. हे सगळं न बघता, नजर मेलेल्या शत्रूवर. शत्रू तिथे नसल्याने त्याचं काही बिघडत नाही. पण खरी धार वापरणाऱ्या जुन्या मंडळींचे डावे हात पाहा. अंगठ्याच्या बेचकीत एखादी पांढरी रेघ असतेच. शत्रू काल्पनिक, रक्त काल्पनिक, फक्त टाके खरे.

इआइदोतलीच काही मंडळी वर्षातून एखाद्या दिवशी गावाबाहेरच्या एका अंगणात जमून खरोखर कापतात. माणसं नव्हे, चटया. तातामीवरची गवती चटई गुंडाळायची, रात्रभर पाण्यात भिजवायची, खुंट्यावर उभी करायची आणि तिरकी छाटायची. पातं ज्या दिशेने चाललंय त्याच दिशेला धार असली तर ते आरपार जातं. मनगट किंचित जरी वळलं तर अर्ध्यात अडकतं, आणि फारच वळलं तर पातं वाकतं. मग मालकाचा चेहरा पाहवत नाही, कारण त्याची किंमत मोटारीच्या हप्त्यांत मोजायची असते. मी गेलो त्या दिवशी सगळे दात आवळून, डोळे वटारून मारत होते आणि गुंडाळ्या टवके उडून तिथेच उभ्या होत्या. फक्त एका गृहस्थांची स्वच्छ कापली गेली. त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. पाच वाजून बारा मिनिटांची गाडी गेली की पुढची तासाने. त्यांनी एक हात मारला, तलवार पुसली, म्यानात ठेवली आणि पळाले. नंतर सेन्सेईंनी त्यांच्या तेनोउचीवर बराच वेळ व्याख्यान दिलं. त्या गृहस्थांना ते ऐकायला मिळालं नाही, हे एका परीने बरं झालं.

केन्दोच्या सरावानंतर खरा सराव सुरू होतो. कोपऱ्यावरच्या इझाकायामध्ये. केन्दोवाले त्याला ‘दुसरा दोजो’, म्हणजे दुसरी तालीम, म्हणतात आणि तिथली हजेरी पहिल्यापेक्षा चांगली असते. बिअर येते, शेंगा येतात, आणि दहा मिनिटांत कुणीतरी सोया सॉसची बाटली उलटी धरून विचारतो, ‘आता मला सांगा, करंगळी पूर्ण आत की अर्धी बाहेर?’

हा वाद तुम्हाला क्षुल्लक वाटेल. डाव्या हाताची करंगळी मुठीवर पूर्ण असावी, की तिचा अर्धा भाग मुठीच्या टोकाबाहेर लोंबता असावा, एवढाच प्रश्न. पण यावर माणसं भांडतात ती आपल्याकडे चतुर्थीला चंद्रोदय अमुक वाजता की तमुक, यावर भांडतात त्या पोटतिडकीने. दान म्हणजे केन्दोतली पायरी. सहाव्या दानाचे एक ठेकेदार ‘अर्धी बाहेर’ पक्षाचे. ‘पल्ला वाढतो!’ असं ते टेबलावर मूठ आपटून सांगतात. पाचव्या दानाच्या शाळेतल्या बाई ‘पूर्ण आत’वाल्या, त्या काही न बोलता चॉपस्टिकने हवेत असा एक फटका मारतात की ठेकेदारांच्या हातातली शेंग उडते. चौथ्या दानाचे लोक दोन्हीकडे मान डोलवतात. आम्ही बिनदानाचे, बिअर ओततो.

मी एक निरीक्षण केलंय. पहिल्या-दुसऱ्या दानाच्या माणसाला पकडीबद्दल सगळं माहीत असतं. तिसऱ्या-चौथ्याला बरंच माहीत असतं. सहाव्याला मतं असतात. सातवे ‘ते माणसावर अवलंबून आहे’ इथपर्यंत उतरतात. आमच्या टोळक्यात कधीमधी येणारे एकच आठव्या दानाचे सेन्सेई आहेत. आठव्या दानाची परीक्षा 46 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि सातव्यानंतर 10 वर्षं गेल्याशिवाय देता येत नाही, आणि शंभरात जेमतेम एखादा पास होतो. पुण्यात हे अजून कुणाच्या कानावर गेलेलं दिसत नाही, नाहीतर सदाशिव पेठेत क्लास निघाले असते. तर त्यांना शेवटी सगळ्यांनी मिळून विचारलं: पूर्ण आत की अर्धी बाहेर? त्यांनी आपला डावा हात दिव्याखाली धरला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘अजून अभ्यास चालू आहे.’ वय ब्याऐंशी.

शांतता पसरली ती मोडायला कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्या देशात तलवार कशी धरतात?

एवढा वेळ बिअर ओतणाऱ्या माणसाला असा चेंडू मिळाल्यावर तो सोडतो काय! मी आधी साधी तलवार सांगितली, एका हाताची, आखूड मूठ, तिच्या शेवटी तबकडी, म्हणजे पंजा मध्ये गच्च बसतो. मग दांडपट्टा काढला. सरळ, लांब, लवचीक दुधारी पातं. त्याला अशी मूठच नाही. कोपरापर्यंत जाणारा लोखंडी हातमोजा, त्याच्या आत एक आडवा दांडा, तो मुठीत धरायचा. मनगट वाकतच नाही. सगळं काम कोपर आणि खांद्याचं. बाजीप्रभूंचं चित्र मी फोनवर दाखवलं.

‘मनगट वाकत नाही?’ बाईंनी विचारलं. मनगटावर जगणाऱ्या त्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले. ‘मग करंगळी काय करते?’

ठेकेदारांनी ते प्रत्यक्ष करून पाहायचं ठरवलं. बिअरचा दांडीचा काचेचा मग, त्याला इथे जोक्की म्हणतात, त्यांनी रिकामा केला, उजवा पंजा निमुळता करून आत घातला आणि तळाशी मूठ वळली. दोन-तीन हात हवेत फिरवले. छान दिसत होतं. ‘हं,’ ते म्हणाले, ‘इथे अर्धी बाहेर ठेवायची सोयच नाही.’ आणि हात बाहेर काढायला गेले. हात येईना.

एकदम सगळे बोलू लागले. ‘खांदे सैल सोडा.’ ‘श्वास बाहेर टाका.’ ‘आधी करंगळी ढिली करा, मग अनामिका!’ ‘छे, आधी अंगठा!’ ‘आत अंडं आहे असं समजा.’ ठेकेदार जेवढं ऐकत तेवढी मूठ आवळत. मालकीण भांड्यांचा साबण घेऊन आली आणि तीही थोडा वेळ वाद ऐकत उभी राहिली.

आठव्या दानाच्या सेन्सेईंनी आपला ग्लास खाली ठेवला. ‘उजव्या हाताची ताकद काढून टाका,’ ते म्हणाले. ‘काम डाव्याला करू दे.’

हात निघाला. ठेकेदारांनी बोटं पुसली, करंगळी नीट न्याहाळली आणि म्हणाले, ‘बघितलंत? अर्धी बाहेर असती तर अडकलोच नसतो.’